तिजोरी उघडण्याची घाई करू नका

घरातला कर्ता माणूस अचानक जातो. चार दिवसांनी कुणाला तरी तिजोरी आठवते. किल्ली नेहमीच्या जागी नसते, नंबर कुणाला माहीत नसतो. मग एखादा नातेवाईक म्हणतो, "ग्राइंडर आणा, अर्ध्या तासात कापून काढू." वाचक भगिनी-बंधूंनो, अशा वेळी एवढेच म्हणा: "थांबा, आधी जाणकार कारागीर बोलवू."

आत काय काय असते ते आठवा. जमिनीचे कागद, निकाहनामा, अम्मीचे दागिने आणि कुणाचे किती देणे आहे याची अब्बांनी लिहिलेली वही. वारसांत वाटणी करण्याआधी मरहूमचे कर्ज फेडायचे असते. ती वहीच जळाली किंवा फाटली, तर कुणाचा हक्क बुडेल हे कळणारही नाही. म्हणून तिजोरी धक्का न लावता उघडणे फार महत्त्वाचे आहे.

हे काम कसे होते, ते थोडे समजून घेऊ. आपल्या घरांतल्या जुन्या लोखंडी तिजोऱ्यांना बहुधा लिव्हरचे कुलूप असते. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला स्प्रिंग असते आणि प्रत्येकीत एक खाच असते. किल्लीचे दाते या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की कुलपाचा दांडा त्यांतून सरकतो. एकही पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली तर दांडा हलत नाही. किल्ली नसेल तर कारागीर बारीक हत्याराने दांड्यावर हलका दाब ठेवतो आणि एकेक पट्टी उचलून बघतो. कोणती पट्टी अडली, कोणती जागेवर बसली, हे त्याला बोटांनी कळते. काही कारागीर कोरी किल्ली घालून तिच्यावर उमटलेल्या खुणा पाहतात आणि कानशीने थोडे थोडे घासत नवी किल्लीच तयार करतात.

नंबरच्या तबकडीची तिजोरी असेल तर आत बहुतेक तीन चाके असतात. तबकडीवर 100 आकडे धरले तर कागदावर 10 लाख जोड्या होतात. त्या सगळ्या कुणी फिरवून पाहत नाही. सिनेमात दाखवतात तसे कान लावून 'टक्' ऐकू येण्याचीही वाट पाहत नाहीत. कारागीर तबकडी सावकाश फिरवतो, आतला भाग कुठे टेकतो ते बोटांनी जाणतो, त्यातला बारीक फरक कागदावर मांडतो आणि त्यावरून चाकांच्या खाचा शोधतो. तबकड्या जुळवून उघडायचे कुलूप ही कल्पनाही जुनी आहे. अल्-जझरी यांनी 1206 मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पेटीसाठी अक्षरांच्या तबकड्यांचे कुलूप वर्णन केले आहे.

बटणांच्या नव्या तिजोरीत पुष्कळदा फक्त बॅटरी संपलेली असते. काहींना बाहेरून बॅटरी लावायची सोय असते, काहींना पाटीखाली लपलेले किल्लीचे छिद्र असते. चुकीचा नंबर पुन्हा पुन्हा दाबला तर बरीच यंत्रे काही मिनिटे बंदच होतात. आणि गंमत पाहा, अडचणीच्या वेळची ती जादा किल्ली अनेक घरांत तिजोरीच्या आतच ठेवलेली असते!

या कामात सब्र किती लागतो, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. तिथे ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले होते आणि ते उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस लावले होते. कित्येक दशके ते कुणालाही जमले नाही. 1851 मध्ये अमेरिकेचे आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते उघडले. त्यांना सोळा दिवसांत मिळून सुमारे 51 तास लागले आणि कुलूप शाबूत राहिले.

प्रत्येक तिजोरी मात्र अशी उघडेलच असे नाही. आतला भाग तुटला असेल तर ड्रिल लागते. तरीही जाणकार माणूस नेमक्या जागी एकच बारीक छिद्र पाडतो, त्यातून कुलूप सोडवतो आणि नंतर छिद्र बुजवून देतो. ती तिजोरी पुन्हा वापरता येते. गॅस कटरच्या उष्णतेने मात्र आतले कागद जळतात. घणाने ठोकले तर काही तिजोऱ्यांतला जादा अडसर खाली पडतो आणि सोपे काम अवघड होऊन बसते.

कारागीर आला की तो आधी तुम्हाला प्रश्न विचारेल. तिजोरी कुणाची? तुम्ही त्यांचे कोण? ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, खरेदीची पावती आहे का? यावर रागावू नका. काहींना वाटते, "आमच्याच घरात आमच्यावर शंका?" पण जो काहीही न विचारता तुमची तिजोरी उघडतो, तो उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरूनही उघडेल. त्याचे हुनर ही त्याच्याकडची अमानत आहे आणि हे प्रश्न विचारूनच तो ती सांभाळतो. मजुरी किती, ड्रिल लागले तर किती, हे मात्र कामाआधी ठरवून घ्या.

आपली जबाबदारीही तेवढीच आहे. तिजोरी सगळ्या वारसांसमोर उघडावी. सासरी असलेल्या मुलींना कळवावे आणि त्या येईपर्यंत थांबावे, कारण त्यांचाही हिस्सा आहे. येणे शक्यच नसेल तर त्यांच्या संमतीने त्यांचा विश्वासू माणूस हजर ठेवावा. प्रत्येक वस्तू बाहेर काढताना यादी करावी आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. भावाने एकट्याने उघडलेली तिजोरी रिकामी निघाली, तर तो खरे बोलत असला तरी बहिणीच्या मनात शंका राहते, आणि नाते तुटायला तेवढे पुरते.

हे सगळे टाळायचे असेल तर आजच थोडे काम करा. दुसरी किल्ली कुठे आहे ते पती-पत्नी दोघांना माहीत असू द्या. नंबर असेल तर तो बंद लिफाफ्यात, घराबाहेर एका भरवशाच्या माणसाकडे ठेवा. किल्लीचा फोटो मोबाइलवर कुणालाही पाठवू नका, फोटोवरूनही किल्ली बनते. बॅटरी वर्षातून एकदा बदला. देण्या-घेण्याच्या वहीची एक प्रत तिजोरीबाहेर असू द्या. आणि आज संध्याकाळी जेवण झाल्यावर घरात सहज विचारा, "आपल्या तिजोरीची दुसरी किल्ली कुठे आहे?" उत्तर देताना सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तर ती उद्याच शोधायला घ्या.