तालीम काय ती गाण्यालाच?

माझ्या भाचीला बारावीनंतर पुण्याला जाऊन नाटक शिकायचं आहे. त्यावरून बहिणीच्या घरी महिनाभर अबोला चालू आहे. बरं, अबोला धरलाय कोणी? जत्रेच्या नाटकासाठी दर वर्षी पदरमोड करणाऱ्या, पहाटेपर्यंत राजाचा पार्ट रंगवणाऱ्या तिच्या वडिलांनी! "नाटक आमच्या रक्तात आहे, ते शिकायला पैसे कशाला भरायचे?" हा भावोजींचा सवाल.

मंडळी, गाण्याच्या बाबतीत आपण असं म्हणतो का? केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली, तीही गाव सोडून, मुंबईत राहून. गळा जन्मजात म्हणून त्यांना कोणी मेहनत माफ केली नाही. या दोघींची नावं आपण छाती फुगवून सांगतो. नाटकाची तालीम मात्र आपल्या लेखी जत्रेआधीचे पंधरा दिवस! त्यातही अर्धे लोक नक्कल पाठ न करताच येतात.

विद्यापीठात जाऊन कोणी नट होतो का, असं विचारतात. नसेल होत. पण आवाज, हालचाल, नेपथ्य, प्रकाशयोजना, संहिता वाचण्याची नजर या गोष्टी शिकाव्याच लागतात. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुंबई विद्यापीठाने २००३ मध्ये नाट्यशास्त्राचा विभाग काढला. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट तर १९६० ची. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी ही तिथे रीतसर शिकवण्याची शास्त्रं आहेत. २००४ पासून इफ्फी आपल्या पणजीत भरतो. गळ्यात पास अडकवून रांगेत उभं राहताना आपल्याला कोण अभिमान! मग आपलीच पोरगी 'मला सिनेमाचं संकलन शिकायचंय' म्हणाली की पोटात गोळा का येतो?

"पोटापाण्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण मी सरकारी कारकून. शिपायाच्या जागेसाठी पदवीधरांचे आलेले गठ्ठेच्या गठ्ठे अर्ज मी स्वतः नोंदवलेत. त्या मुलांना कॉमर्सला घालताना 'पोट भरेल का' असं कोणी विचारलं होतं? जोखीम दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की एकीकडे पोर आपल्या मर्जीने जाते.

राहता राहिलो मी. बी. ए. झाल्यावर मलाही मुंबईला जाऊन नाटक शिकायचं होतं. मला कोणी अडवलं नाही, कारण मी घरी कधी विचारलंच नाही. नोकरीचा कॉल आला आणि मी हजर झालो. भाचीने निदान विचारलं तरी!

येत्या रविवारी भावोजी जत्रेच्या वर्गणीसाठी येतील. वर्गणी मी देणारच. पण पावती फाडण्याआधी पोरीच्या अर्जावर पालकाची सही हवी, असं त्यांना सांगणार आहे.