पाच कळांची मैफल

गाणे ऐकायला चित्र कशाला पाहावे लागते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. हल्लीचे कोणतेही गाण्याचे ॲप उघडा. आधी रंगीत मुखपृष्ठे, मग जाहिरात, मग 'तुम्हांला हेही आवडेल' असा आग्रह. अहेरीत पावसाळ्यात इंटरनेट रुसले, की हा सारा थाट जागच्या जागी गरगरत राहतो आणि गाणे काही कानावर पडत नाही.

नागपुरास शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी यावर तोड काढली ती काळ्या पडद्याची. त्याला म्हणे टर्मिनल म्हणतात. ना चित्र, ना बटण. नुसती अक्षरांची यादी. 'सीमस' नावाचा हा फुकट मिळणारा वादक. कळफलकाच्या खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही, बी या पाच कळा शेजारीशेजारी बसलेल्या. मागचे गाणे, वाजव, थांब जरा, बंद, पुढचे. झाला कारभार!

त्याहून मौजेचा २००३ सालचा 'एमपीडी'. त्यात वाजविणारा निराळा आणि सांगणारा निराळा. ओसरीवरच्या जुन्या संगणकात गाणी साठवलेली, त्यालाच स्पीकर जोडलेला. मी माजघरातून 'एमपीसी नेक्स्ट' एवढेच लिहून धाडतो. जातात ती चार अक्षरे. गाणे जागचे हलत नाही. माझी खिडकी मिटली तरी वादन चालूच, आणि बाहेरचे इंटरनेट लागतच नाही.

"अहो, गाणं लावताय की तार पाठवताय?" हा सौ.चा शेरा.

पण मराठीच्या मास्तराला खटकायचे ते खटकलेच. माझ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, गाणाऱ्यांना विचारून, गोंडी रेला गाणी मुद्रित करून आणली आहेत. त्यांची नावे मी देवनागरीत लिहिली, तर पडद्यावर 'किती'ची पहिली वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरांची फारकत! कारण जुने आहे. १९७८ च्या व्हीटी-१०० या यंत्रापासून रूढ झालेला साचा म्हणजे ८० रकाने आणि २४ ओळी. एका घरात एक अक्षर. इंग्रजी त्यात गुमान बसते. आमची वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते आणि लिहिताना त्याच्या पुढे जाऊन बसते. तिला कोणते घर द्यावे?

"बाबा, रोमन नावं द्या ना," असा चिरंजीवांचा सल्ला. तो मी मानलेला नाही. रोमनात ड आणि द एकच, ल आणि ळ एकच, ऱ्हस्वदीर्घाचे तर नावच नको. ज्या गाण्याची दुसरी प्रत कुठे नाही, त्याच्या गावाचे नावच चुकले तर पुढे ते कुणी कुठे शोधावे?

सुदैव इतकेच, की बिघाड दिसण्यातला आहे. आत साठवलेले नाव शाबूत असते, त्यामुळे देवनागरीत शोधले की गाणे बिनचूक सापडते. शिवाय एमएलटर्मसारखी काही टर्मिनले भारतीय लिप्यांची जोडाक्षरे जुळवून काढतात, असे कळते. दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव आले, की ते बसवून घ्यायचे आहे.