जीपीएस बंद पडलं तर? दुसरी वाट बुजवू नका



गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात अक्षांश-रेखांशांची उजळणी घेत होते. सहज विचारलं, "समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, हे कसं ओळखाल?" आमची शाळा रत्नागिरीतली. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मासेमारीचा धंदा. एका सुरात उत्तर आलं, "बाई, जीपीएस!"

"आणि जीपीएस बंद पडलं तर?"

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "दुसरं जीपीएस न्यायचं!" सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण युरोपातल्या शहाण्यासुरत्या देशांनीही दहा वर्षांपूर्वी जवळजवळ हेच उत्तर दिलं होतं.

त्या तासाला एक मुलगी हळूच म्हणाली, "आमचे आजोबा दीपगृह बघून सांगायचे." कसं, ते तिला नीट सांगता येईना. दुसऱ्या दिवशी घरी विचारून आली. किनाऱ्यावरचं दीपगृह आणि त्यामागचा एखादा डोंगर एका रेषेत दिसले की होडी त्या रेषेवर कुठेतरी आहे. दुसरीकडचं देऊळ आणि एखादा उंच माड एका रेषेत आले की दुसरी रेषा मिळाली. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे आपण. नववीला आपण निर्देशक भूमिती शिकवतो, ती आजोबांना पुस्तकाशिवाय येत होती!

जमिनीवरून मिळणारी वाट

रत्नागिरीच्या किल्ल्यावरचं दीपगृह १८६७ सालचं. पण दिवा कितीही मोठा असला, तरी त्याचा उजेड काही मैलच पोहोचतो. धुक्यात, पावसात तेही नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उजेडाऐवजी रेडिओ लहरी वापरायची युक्ती निघाली. तिच्यातूनच पुढे लोरान नावाची पद्धत वाढली.

कल्पना सोपी आहे. किनाऱ्यावर दूर दूर अंतरावर तीन केंद्रं असतात. ती ठरलेल्या वेळी रेडिओचे ठोके सोडतात. जहाजावरचं यंत्र कुठला ठोका आधी आला, कुठला नंतर आणि किती फरकाने, एवढंच मोजतं. रेडिओ लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे ३०० मीटर जाते. म्हणजे वेळेतल्या फरकावरून अंतरातला फरक कळला. केंद्रांच्या एका जोडीवरून नकाशावर एक वक्ररेषा मिळते, गणितात तिला अपास्त म्हणतात. दुसऱ्या जोडीवरून दुसरी वक्ररेषा. दोन्ही छेदतात तिथे आपण. आजोबांचीच रीत, फक्त रेषा वाकड्या आणि पल्ला शेकडो किलोमीटरचा.

ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठीही लोरान-सी साखळी होती. तिला मुंबईचं नाव होतं, पण तिची तिन्ही केंद्रं गुजरातेत होती: ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा. पूर्व किनाऱ्यासाठी दुसरी साखळी होती. आपली दीपगृहं सांभाळणारं केंद्र सरकारचं खातंच या साखळ्याही सांभाळत होतं. आज होड्यांवर लोरानचं यंत्र दिसत नाही, आणि मुलांना तो शब्दही माहीत नाही. त्यात मुलांचा काय दोष?

युरोपने काय केलं?

जीपीएस आलं आणि लोरान जुनं वाटू लागलं. जीपीएस अचूक, यंत्र स्वस्त, वापरणाऱ्याला फुकट. अमेरिकेने २०१० मध्ये आपला लोरान-सी बंद केला. युरोपात मात्र एक गट म्हणत होता की त्याची सुधारलेली आवृत्ती, ई-लोरान, राखीव म्हणून ठेवू या. ब्रिटनने तर २०१४ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांसाठी ती सुरूही केली. तिची अचूकता वीस मीटरच्या आत-बाहेर होती.

पण एकट्या ब्रिटनच्या केंद्रावर वक्ररेषा छेदणार कशा? शेजाऱ्यांची केंद्रंही हवीत. नॉर्वे, फ्रान्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांचा हिशेब वेगळा होता. वापरणारी जहाजं फार थोडी, मग खर्च कशासाठी? ३१ डिसेंबर २०१५ रोजी ती केंद्रं बंद झाली, आणि ब्रिटनलाही जहाजांसाठीची सेवा थांबवावी लागली.

त्यांचा हिशेब कागदावर चूक नव्हता, हे मान्य करू या. लोकांच्या करातून चालणारी सेवा कुणीच वापरत नसेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. पण यात एक गोम आहे. राखीव गोष्ट रोज वापरली जात नाही, म्हणूनच ती राखीव असते. आगीचा बंब वर्षभर उभा राहिला, म्हणून नगरपालिका तो विकून टाकते का?

त्यानंतर चार आठवडेही झाले नव्हते. २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसच्या एका जुन्या उपग्रहाला निवृत्त करताना काही उपग्रहांवरून चुकीची माहिती प्रसारित झाली. घड्याळाच्या हिशेबात १३.७ मायक्रोसेकंदांची चूक. कुणाची जहाजं भरकटली नाहीत, पण जीपीएसच्या वेळेवर चालणाऱ्या दूरसंचार यंत्रणांमध्ये कित्येक तास गडबड झाली. ब्रिटनमध्ये रेडिओ प्रसारणालाही त्याचा फटका बसला. जीपीएस फक्त जागा सांगत नाही, जगाला वेळही सांगतं, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आलं.

दुबळा आवाज

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. भरलेल्या वर्गात कोपऱ्यातलं मूल कुजबुजतं तसा. शेजारच्याने जरा मोठ्याने बोललं, की संपलं. संदेश दाबून टाकणारी आणि त्याहून वाईट म्हणजे खोटी जागा दाखवणारी यंत्रं आता युद्धात सर्रास वापरली जातात. त्याचा त्रास ज्यांचा युद्धाशी संबंध नाही, त्यांनाही होतो.

२०१६ मध्ये उत्तर कोरियाकडून असे अडथळे आले, तेव्हा दक्षिण कोरियाच्या कितीतरी मासेमारी होड्यांना अर्ध्यातून परतावं लागलं. त्या देशाने पुढे ई-लोरानचं काम हाती घेतलं. २०२४ मध्ये एस्टोनियातल्या टार्टू शहराची विमानसेवा फिनएअर कंपनीने जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे महिनाभर थांबवली. ती पुन्हा सुरू कशी झाली? जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासूनचं अंतर मोजून उतरण्याची सोय केली, तेव्हा! ब्रिटिश सरकारनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये मांडलेल्या धोरणात ई-लोरान उभारण्याचा प्रस्ताव ठेवला. म्हणजे आठ वर्षांपूर्वी बुजवलेली वाट पुन्हा खणायची, आणि तीही शेजारी किती साथ देतील याची खात्री नसताना.

आणि आपल्याकडे? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना जीपीएसचे खोटे संदेश मिळाले. सरकारने संसदेत ते मान्य केलं. त्याच उत्तरात असंही सांगितलं की जिथे जमिनीवरची पारंपरिक साधनं चालू होती, त्या धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या विमानांना अडचण आली नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. जुनं साधन मोडीत काढलं नव्हतं, म्हणून काम निभावलं.

"पण आपलं नाविक आहे ना?"

हा प्रश्न एका सहकारी शिक्षकांनी मला विचारला, आणि तो रास्त आहे. नाविक ही आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा आहे, तिचा मलाही अभिमान आहे. पण तिचीही वाट सरळ राहिलेली नाही. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह उष्णताकवचातून बाहेरच पडू शकला नाही. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी अणुघड्याळ घेऊन यशस्वीपणे गेला, पण जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. शास्त्रज्ञ प्रयत्न करतात, अपयश येतं, पुन्हा प्रयत्न करतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मुद्दा असा, की नाविकचाही आवाज हजारो किलोमीटरवरूनच येतो. एका उपग्रहाला राखीव म्हणून दुसरा उपग्रह ठेवणं, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचंच उत्तर झालं: "दुसरं जीपीएस न्यायचं!"

राखीव साधन वेगळ्या जातीचं हवं. एकाला जे मारतं, ते दुसऱ्याला मारणार नाही असं. वीज जाते म्हणून आपण घरात मेणबत्ती ठेवतो, दुसरा ट्यूबलाइट नाही.

१९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नौकानयनाला साहाय्य करणाऱ्या सगळ्याच साधनांसाठी नवा कायदा आला. दीपगृहं आता पर्यटनासाठीही खुली होत आहेत, चांगलंच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर उपग्रहाशिवाय चालणारी वाट कुठली, हे सरकारने ठरवून ठेवावं आणि तिच्यावर थोडा खर्च दरवर्षी करावा. दीपगृह नुसतं सेल्फीपुरतं उरू नये.

वर्गात काय करता येईल?

सरकारचं सरकार बघेल. आपल्या हातात वर्ग आहे. एक उपक्रम सुचवते, आम्ही भाट्ये किनाऱ्यावर करून पाहिला.

दोन मुलांना थाळ्या देऊन एकमेकांपासून साधारण दीडशे मीटरवर उभं करा. मध्ये एकाने झेंडा खाली आणायचा, त्याच क्षणी दोघांनी थाळी वाजवायची. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. बरोबर मध्ये उभं राहिलं तर एकच ठोका ऐकू येतो. एका थाळीकडे सरकलं की "ठण-ठण" असे दोन ठोके. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, मग पाव सेकंदाचा फरक म्हणजे किती मीटर? मुलं स्वतः गुणाकार करतात. हाच लोरान!

आमच्याकडे एका मुलाचा हात झेंडा पाहून जरा उशिराच हलायचा. फार नाही, सेकंदाचा पाचवा भाग. पण तेवढ्याने अंतराच्या हिशेबात ६८ मीटरची चूक आली, आणि अणुघड्याळ कशाला लागतं ते कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पालकांनाही एक विनंती. नवीन गावी जाताना एकदा तरी मोबाईल खिशात ठेवा आणि मुलाला विचारा, "उत्तर कुठे? समुद्र कुठल्या बाजूला? परत कसं जायचं?" घरात आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या खुणा मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. त्या मुलीने आजोबांच्या खुणांचा नकाशा काढून आणलाय. आता तो वर्गाच्या भिंतीवर आहे. आजोबांना बंदरावर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे नकाशातला माड अजून उभा आहे की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. येत्या रविवारी मुलं बघून येणार आहेत.

जीपीएस वाईट नाही. माझ्या विद्यार्थ्यांचे वडील त्याच्याच भरवशावर रात्री सुखरूप घरी येतात. ते रोज वापरावंच. पण ज्या दिवशी पडदा कोरा होईल, त्या दिवशी होडीत एक तरी माणूस असा हवा, ज्याला दुसरी वाट माहीत आहे.