लोणावळ्यात एक घर राखून ठेवा

लोणावळ्यात सुट्टीसाठी बंगला भाड्याने मिळवायला एक फोन पुरतो. माझी मागणी साधी आहे. लोणावळा नगर परिषदेने असं एक घर वर्षभरासाठी घ्यावं आणि गाण्यामुळे, चित्रामुळे किंवा पुस्तकामुळे ज्याच्या जिवावर बेतलंय अशा कलावंताला ते राहायला द्यावं.

जगात हे चालू आहे. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरातून २००६पासून 'आयकॉर्न' नावाचं आश्रय देणाऱ्या शहरांचं जाळं चालतं. शहर कलावंताला साधारण एक ते दोन वर्षं घर आणि खर्चाला पैसे देतं. आधी फक्त लेखकांना बोलवत, आता संगीतकार आणि चित्रकारही येतात.

मावळात तर ही रीत जुनीच आहे. कार्ल्याच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. चारही दिशांनी येऊन पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. राहायला लेणं आणि पोटापाण्याला गावाचं उत्पन्न! त्याच लेण्यांच्या खांबांवर यवन दात्यांचीही नोंद आहे.

मित्र विचारतात, "आपल्याच पोरांना पुण्यात भाड्याने घर देत नाहीत, मग या कलावंतांचे लाड कशाला?" नाव सांगितल्यावर 'फ्लॅट गेला' हे उत्तर मीही ऐकलंय. म्हणून तर ही मागणी आपण करायला हवी. बंद दाराबाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पण मग आपलं दार कुणासाठी उघडं आहे, तेही सांगा. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन खटले आणि धमक्यांमुळे २००६मध्ये देशाबाहेर गेले आणि २०११मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांच्यासाठी आपण आजही हळहळतो. २०१७मध्ये तस्लिमा नसरीन अजिंठा-वेरूळ बघायला औरंगाबादला आल्या. विमानतळाबाहेर निदर्शनं झाली आणि पोलिसांनी त्यांना तिथूनच परत पाठवलं. घोषणा देणारे आपलेच होते. तालिबान आल्यावर अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतल्या मुलामुलींना पोर्तुगाल गाठावं लागलं, तेही आपल्याच धर्माचं नाव घेऊन.

तस्लिमांचं बरंचसं लिखाण मला पटत नाही. त्यावर मी लिहीन, वाद घालीन. पण त्यांना लेणी बघू न देणं हा वाद नव्हे, ही झुंडशाही आहे. हुसेन यांच्या बाबतीत जिला आपण झुंडशाही म्हटलं, तिचं नाव आपल्या गल्लीत आल्यावर बदलत नाही.

नगर परिषद म्हणेल, कायदा-सुव्यवस्था बिघडेल. सुट्टीच्या दिवशी भुशी धरणावर लोटणारी गर्दी जे सांभाळतात, त्यांना एका पाहुण्याचं घर सांभाळता येईल.

तेव्हा दोस्तांनो, या मागणीचा अर्ज आपण करू. त्यावर सही करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: या घरात उद्या तस्लिमा राहायला आल्या तर मी बाहेर घोषणा देत उभा असेन का? उत्तर 'नाही' असेल तरच सही करा.