पेटी लहान, पण कोंदट नको!

भिवंडीच्या निजामपुऱ्यातून एक भगिनी लिहितात, “मुलगा सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडतो आहे. खोली एकच, म्हणून पेटी लहान हवी. पण शेजारी यंत्रमाग, सुताचे तंतू घरभर उडतात. कशी पेटी घ्यावी?”

ताई, मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब-रुंद असतो. त्याच्या मापाची पेटी टेबलाच्या कोपऱ्यात सहज मावते. मात्र कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी आधी पेटीच्या मापाशी ताडून पाहावी. समोर बंद काच नको, जाळी हवी. १२० मिलिमीटरचे पंखे बसायला जागा हवी. हवा आत घेणाऱ्या पंख्यापुढे बारीक, काढता येणारी गाळणी असावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, की तंतू फटींतून शिरत नाहीत, गाळणीवरच अडतात. ती तुंबली, तर मशीन तापून आपणहून बंद पडते; म्हणून आठवड्यातून एकदा, स्विच बंद करून, झटकावी. धुतलीत, तर पूर्ण वाळवूनच बसवा.

पेटी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. अन् वर हौसेने क्रोशाचे झाकण घालू नका हं! चिरंजीवांना रंगीत दिवे हवे असतील, तर म्हणावं, आधी गाळणी, मग झगमग!