साइन इन्फिनिटी नावाची थाप

'साइन इन्फिनिटी म्हणजे उणे एक ते एकच्या मधलं काहीतरी. चला पुढे.' बारावीच्या क्लासांमध्ये हे वाक्य बिनदिक्कत फेकलं जातं आणि समोरची पोरं ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. मला याची चीड आहे. इन्फिनिटी ही संख्याच नाही, मग तिचा साइन कुठून निघणार? आणि 'मधलं काहीतरी' हे उत्तर कुठल्या गणितात चालतं?

कोणी कोशीची ढाल पुढे करील. त्याने १८२१च्या ग्रंथात लिहिलं होतं खरं, की एक्स शून्याकडे जाताना साइन एक छेद एक्सच्या लिमिटला उणे एक ते एकमधल्या अनंत किमती असतात. पण त्यानंतर वायरश्ट्रासने एप्सिलॉनची व्याख्या पक्की केली, त्यालाही दीड शतक लोटलं. आजच्या व्याख्येत लिमिट असेल तर एकच असतं, नाहीतर नसतं. आणि 'नाही' हे पूर्ण उत्तर आहे. फक्त ते सिद्ध करावं लागतं. सिद्धता दोन ओळींची आहे. १८०, ३६०, ५४० अशा अंशांवरून पुढे जा, साइन कायम ०. ९०, ४५०, ८१० अशा अंशांवरून जा, कायम १. एकाच फंक्शनला दोन वाटांनी दोन किमती मिळाल्या, म्हणजे लिमिट नाही. या दोन ओळींना वेळ नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

'मोठे आकडे घालून बघा' हा सल्ला तर घातकच आहे. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा आणि हजार, दहा हजार, लाख, दहा लाख यांचे साइन काढा. दर वेळी उणे ०.९८४८ येतं. हजाराला ३६०ने भागलं की बाकी २८०. त्या २८०ची दहापट करून पुन्हा भागा, बाकी परत २८०च. या तक्त्यावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी साइन एक्सचं लिमिट उणे ०.९८४८ लिहील, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

पण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट थाप वेगळीच आहे: 'फंक्शन लिमिटच्या जवळ जवळ जातं, पण कधीच पोचत नाही.' हे साफ खोटं आहे. साइन एक्स भागिले एक्स घ्या. एक्स इन्फिनिटीकडे जाताना त्याचं लिमिट ० आहे, आणि ते दर १८० अंशांनी बरोबर ०वर पोचतं, ओलांडतं, पुन्हा येतं. अनंत वेळा. लिमिटची अट पोचण्याबद्दल काहीच बोलत नाही. तुम्ही ०.०१ एवढी सूट दिलीत तर मी म्हणेन, एक्स १००च्या पुढे गेला की फंक्शन त्या सुटीच्या बाहेर पडणार नाही. सूट आणखी कमी करा, मी आणखी पुढची जागा सांगेन. साइन एक्सच्या बाबतीत मला अशी जागा कधीच सांगता येणार नाही, कारण कितीही लांब गेलं तरी ते उणे एक आणि एक दोन्ही गाठतंच. दोन्ही आलेख वरखाली होतात; एकाला लिमिट आहे, दुसऱ्याला नाही. 'हलतंय म्हणून लिमिट नाही' असं शिकवणाऱ्यांनी हे दोन आलेख शेजारी शेजारी काढून दाखवावेत. त्यात भर म्हणजे शून्यापाशीचं पाठ केलेलं उत्तर १ इथेही ठोकून देणारे विद्यार्थी. एक्स कुठे चालला आहे, हे पाहायची सवयच त्यांना कोणी लावलेली नाही.

मग येतो लोपिताल. त्याचा नियम १६९६च्या पुस्तकात छापला गेला. शोध मुळात योहान बर्नुलीचा. आज तो हातोड्यासारखा वापरला जातो. एक्स अधिक साइन एक्स, भागिले एक्स. वरखाली डेरिव्हेटिव्ह घेतलं की उरतं एक अधिक कॉस एक्स, जे ० ते २मध्ये हेलकावत राहतं. पोरगं लिहितं, 'लिमिट नाही.' चूक! लिमिट १ आहे: एक्सने भागा, साइन एक्स भागिले एक्स शून्याला जातं, संपलं. नवीन भागाकाराला लिमिट असेल तरच हा नियम बोलतो. नसेल तर तो गप्प असतो. ही अट क्लासच्या नोट्समध्ये गाळली जाते.

एक्स गुणिले साइन एक्स तर कोणी विचारतच नाही. ते कुठल्याही मर्यादेत मावत नाही, तरी इन्फिनिटीलाही जात नाही, कारण दर १८० अंशांनी शून्यावर परततं. 'अमर्याद' आणि 'इन्फिनिटीकडे जाणारं' यांतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात. असतील. पण तीच मुलं बारावीच्याच भौतिकशास्त्रात डॅम्प्ड ऑसिलेशन शिकतात. घटत्या एक्स्पोनेन्शियलने गुणलेला कोसाइन, तो शून्याकडे का जातो हे सँडविच थिअरम सांगतो, आणि दोन्ही विषयांचे मास्तर ते एकमेकांवर ढकलून मोकळे होतात. लाखाची फी घेणाऱ्या क्लासांकडे माझी मागणी एवढीच आहे: लिमिटच्या पहिल्याच तासाला साइन एक्स, साइन एक्स भागिले एक्स आणि एक्स गुणिले साइन एक्स हे तीन आलेख फळ्यावर काढा, आणि प्रत्येकाचं उत्तर कारणासकट मुलांकडून लिहून घ्या.