मोडीत काढण्याची घाई

जुन्या मोटारीचा विषय वाङ्मयीन मासिकांत काढला तर कित्येक वाचकांच्या भिवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु जुनें मंदिर, जुनी पोथी आणि जुनें नाणें यांचें रक्षण हा जर संस्कृतीचा प्रश्न असेल, तर जी वस्तु आमच्याच शहरांत, आमच्याच कामगारांच्या हातून घडली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालती राहिली, तिचें काय करावयाचें, हाहि संस्कृतीचाच प्रश्न होय. त्याचें उत्तर आज दोन पक्ष देत आहेत. एक म्हणतो, ती मोडींत काढा; दुसरा म्हणतो, ती कांचेंत ठेवा. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकीचे आहेत.

इटलींतील चपळ जुन्या मोटारींचें नांव निघालें कीं आमच्या शौकीन मंडळींस आल्फा रोमिओ आणि लान्चिया आठवतात, आणि त्या आपल्याकडे दुर्मिळ म्हणून ही मंडळी उसासे टाकते. त्याच देशींची एक कन्या कुर्ल्यास नांदली, याचा मात्र तिला विसर पडतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. फियाट कंपनीची, दान्ते जिआकोसा या अभियंत्याच्या हाताखालीं सिद्ध झालेली नवी ११०० ही गाडी १९५३ सालीं इटलींत निघाली व पुढच्याच वर्षीं कुर्ल्यास आली. तिच्या 'तुरिस्मो व्हेलोचे' नामक इटालियन भावंडानें ३६ अश्वशक्तीच्या जागीं सुमारें ५० अश्वशक्ति मिळवून दाखविली. आमच्याकडेहि मद्रासजवळच्या शोलावरम येथील धांवपट्टीवर ह्या गाड्या शर्यतींत उतरल्या. मुंबईकरांनीं पहिल्या गाड्यांचा गुबगुबीत आकार पाहून त्यांस 'डुक्कर फियाट' म्हटलें, आणि त्या थट्टेंतहि माया होती. १९६४ सालीं 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली. इटलींत ११०० चें उत्पादन १९६९ सालीं थांबलें. कुर्ल्यांत तें पुढें सुमारें तीस वर्षें चालूं होतें. माहेरीं जिचा वंश खुंटला ती सासरीं वाढली, असें हें उदाहरण आहे.

आज कुर्ल्याचा तो कारखाना नाहीं. त्याच्या जागेवर उंच इमारती उभ्या आहेत, आणि प्रीमियर रोड हें नांव तेवढें रस्त्यावर राहिलें आहे. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. दिवसरात्र रस्ता तुडविणारें वाहन जुनें व धुरकट असूं नये, हें उघड आहे. आमचें भांडण आहे तें त्यावरून काढलेल्या अनुमानाशीं. टॅक्सी गेली, म्हणून घरोघरच्या उरलेल्या गाड्याहि गेल्याच पाहिजेत, हें अनुमान तर्कास धरून नाहीं.

'ही श्रीमंतांची चैन आहे' हा पहिला आक्षेप. असा आक्षेप घेणाऱ्यांनीं एकदां साकीनाक्याच्या मागल्या गल्ल्यांतून हिंडून यावें. खैरानी रोडवरच्या लेथवाल्यांपासून कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांपर्यंत जो पसारा आहे, त्यावर ही गाडी जगते. तिचें १०८९ घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन कोणत्याहि संगणकाला जुमानीत नाहीं. तें कानाला जुमानतें. कार्बुरेटरची जेट कितपत तुंबली आहे, सुकाणूच्या दांड्यावरील गिअरचा बुश झिजला आहे कीं जोडदांडी वांकली आहे, किंगपिनमध्यें ग्रीस किती दिवसांपूर्वीं भरलें होतें, हें मिस्त्री नुसत्या आवाजावरून व हाताला लागणाऱ्या ढिलाईवरून सांगतो. मुंबईची खारी, दमट हवा व चार महिन्यांचा पाऊस दाराखालचा पत्रा आंतून खातो. तो वेळीं कापून नवा पत्रा कसा सांधावा, हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. त्यानें पेट्रोलपंपाचा जुना रबरी पडदा व नळ्या लवकर जातात, म्हणून त्या बदलाव्या लागतात. हें सर्व करणारा मिस्त्री श्रीमंत नाहीं. गाडी मोडींत गेली कीं मालकाची हौस जाईल. मिस्त्रीची मात्र विद्या जाईल.

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. ही गाडी मैलामागें नव्या गाडीपेक्षां अधिक धूर ओकते, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु वर्षांतून थोडे मैल चालणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज शहर पालथें घालणारी गाडी यांस एकच माप लावणें हाहि प्रामाणिकपणा नव्हे. धूर मोजावा; जन्मतारीख मोजूं नये.

सरकारी नियम मात्र जन्मतारखेवरच भर देतात. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० वर नेली गेली. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतल्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून मान दिला खरा. पण २०,००० रुपये भरून तो मान घेतला कीं नित्याच्या वापरास गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, फेरी, संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणें एवढ्यापुरतीच ती बाहेर पडावी. म्हणजे गाडीस मान द्यावयाचा तो तिचें चालणें काढून घेऊन! तंबोरा जपावा, पण तो वाजवूं नये, असें म्हणण्यासारखेंच हें आहे.

जुन्या गाडीचे स्वतःस कैवारी म्हणविणारेहि निर्दोष नाहींत. पद्मिनीचें तोंड कापून उपाहारगृहांत त्याचें टेबल करणारे, जुन्या कवचांत परकें इंजिन घालून 'वारसा' म्हणून मिरविणारे, गाडी वर्षानुवर्षें चादरीखालीं झांकून तिची किंमत वाढण्याची वाट पाहणारे, हे सर्व मोडवाल्याचेच भाऊबंद होत. मोडवाला निदान आपण मोडवाला आहों असें उघड सांगतो.

आम्ही मागतों तें फार नाहीं. जुन्या गाडीची कठोर तपासणी व्हावी. ब्रेक, धूर व पत्रा यांत जी नापास होईल ती खुशाल उतरवावी. जी उतरेल ती, मर्यादित मैल कां होईना, नेहमींच्या रस्त्यावर चालूं द्यावी. तंत्रशाळांनीं साकीनाक्याच्या वृद्ध मिस्त्र्यांस मानधन देऊन वर्षांतून चार महिने शिकवावयास बोलवावें व त्यांचें ज्ञान चित्रांसह लिहून घ्यावें. आणि मालकांनीं आपली गाडी महिन्यांतून दोनदां तरी बाहेर काढावी, बिघडली तर मिस्त्रीशीं घासाघीस न करितां त्याची मजुरी द्यावी, आणि त्याच्या शेजारीं शिकाऊ पोरगा उभा आहे कीं नाहीं, हें पाहावें. तो पोरगा दिसेनासा झाला, तर उद्यां सरकारनें कितीहि उदार नियम केले तरी त्यांचा लाभ घेण्यास चालती गाडी एकहि उरणार नाहीं.